पाचचा तास

कॉम्प्युटर एकेक अक्षर घासत बोलत होता. "फा… ईल… उघ… ड…" श्यामकाका त्याच्यासमोर ताठ बसून ऐकत होते. एरवी हे यंत्र इतक्या भरभर वाचून दाखवी की भिंतीपलीकडच्या सुरुचीला एक शब्द कळत नसे.

"पावणेपाच झाले," काका म्हणाले. "पाचला ऑनलाइन तास आहे. लोणी काळभोरची नवी मुलगी यायची आहे, सृष्टी. पाच महिन्यांपूर्वी डोळे गेले तिचे. आईनं कशीबशी तयार केलीय. पहिल्याच दिवशी हे असं अडखळलं, तर ती परत यायची नाही."

काका स्वतः जन्मापासून अंध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यापासून विश्रांतवाडीच्या या घरात बसून अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवत. सुरुची हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बनवी. आज ती घरूनच काम करत होती, म्हणून काकांनी शेजारी जाऊन तिची बेल वाजवताच आली.

"सरका काका, मी बघते."

ती खुर्चीत बसली. तिचा उजवा हात सवयीनं टेबलावर फिरला, रिकामाच परत आला.

"माऊस कुठंय?"

"नाही."

"आणि स्क्रीन?"

"दिला काढून. उगाच जागा अडवायचा."

"अहो, मग मी बघू कशात?"

"तेच म्हणतोय. ऊठ."

सुरुची उठली. "काका, मशीन जुनं झालंय. फॉर्मॅट मारावा लागेल, नाहीतर नवंच घ्या."

"ताप आला की तुमच्याकडे पेशंट बदलतात वाटतं?" काका खुर्चीत बसले. "आधी नाडी बघू."

त्यांनी दोन बटणं एकदम दाबली. यंत्र अडखळत यादी वाचू लागलं: ब्राउझरमध्ये काय काय चालू आहे, कोण किती मेमरी खातंय. सुरुचीला मधले काही आकडेच कळत होते. काका मान किंचित कलती करून ऐकत होते. एका नावाशी त्यांचं बोट थबकलं.

"हा कोण? हा माझा नाही."

त्यांनी त्या नावाची माहिती उघडली. यंत्रानं सावकाश वाचलं, "प्रत्येक… पानावर… आकर्षक… ऑफर्सची… चित्रे…"

"सोमवारी फाइलचा प्रकार बदलायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्याच्या मागून घुसला असणार," काका म्हणाले. "चार दिवस मला चित्रं दाखवतोय बिचारा. आणि मी ढुंकून बघत नाही!"

सुरुचीला हसू आवरेना. तोवर काकांची बोटं पुढं गेली होती. ब्राउझरला चिकटलेलं ते एक्स्टेन्शन काढलं, ब्राउझर बंद करून परत उघडला. आणि यंत्र एकदम सुसाट बोलू लागलं. कुठंही न चाचपडता, चार मिनिटांत. सुरुचीच्या टीममधल्या कुणीही आधी स्क्रीन मागितला असता. तिनंही मागितलाच होता.

पाचला दोन मिनिटं असताना कॉम्प्युटरवर एका मुलीचा आवाज आला.

"सर, मी सृष्टी. आईनं बसवलंय मला. पण मला काहीच दिसत न्हाई हो."

"मलाही नाही," काका म्हणाले. "करूया सुरू?"

"तुमाला पण?" ती हळूच म्हणाली. "मग तिकडं हा कॉम्प्युटर, हा तास लावला कुणी?"

"मीच. हं, बोटं कीबोर्डवर ठेव. मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो. घाई नाही, शोध."

सुरुची चौदा वर्षं रोज टाइप करत होती. तिला असा उंचवटा आठवेना. ती जायला निघाली होती, ती दारातच थांबली.

पलीकडं नुसती खुडबुड चालली होती.

"उंचवटा हाय सर!" सृष्टी एकदम ओरडली. "हाय! आई, हितं बोट लाव, तुलाबी दाखवते!"