जनकोजींच्या नावावरचे बुडबुडे

मासेवेड्या जावयाच्या पहिल्या दिवाळसणासाठी अप्पाजींनी तिरुवल्लिकेणीच्या घरात गळाची काठी घडवली. तिच्यावर जावयाच्या ‘जनकोजी’ या नावाचं स्टिकर लावून वॉर्निश दिलं, की नावावर बुडबुडे उमटत. दोन स्टिकरं खरवडून झाली. शेवटचंच उरलं, उद्या जावई यायचे. “वॉर्निशच भेसळीचं,” अप्पाजी वैतागले. “वॉर्निश नव्हे, ते ढवळताना चाललेली तुमची हरिकथा!” त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाई हसल्या. “कथेत रथ दौडला की तुमचा ढवळता हातही दौडतो. बुडबुडे होणारच.” “मग मुक्यानं ढवळू?” “अय्यो, तुम्ही आणि मुके! पाळणा म्हणा.” अप्पाजींनी पाळणा धरला. डब्यातली ढवळायची काडी संथ फिरली. कुंचल्याखाली वॉर्निश काचेसारखं पसरलं. एकही बुडबुडा नाही. माहेरी आलेली लेक पाळणा ऐकून दारात थबकली. काठीकडे तिनं पाहिलंच नाही. “आई, बाबांना बातमी मी सांगणार होते ना!” ती लाजली. कुंचला खाली ठेवून अप्पाजी पाळणा पहिल्यापासून म्हणू लागले.