श्वासाचा शेरा

सकाळी अकरा वाजता परीक्षक हेमांगी घाटपांडे यांनी नव्या व्हेपला नापास केलं. ओढायची इच्छा होताच ते आपोआप तापत होतं आणि बंद करायला त्याला बटणच नव्हतं.

"असलं यंत्र बाजारात जाणार नाही," त्या म्हणाल्या.

कंपनीचा प्रतिनिधी बोरवणकर हसला. "मॅडम, हल्ली कायदा शरीराचा शेरा मानतो, कागदावरचा नाही. चाचणीचे तीन झुरके तुम्हीच ओढलेत. तुमच्या श्वासाने दहापैकी दहा दिलेत."

"श्वास गेला खड्ड्यात! सिगारेट सोडून सहा वर्षं झालीत मला."

"मग द्या की ते यंत्र इकडे."

दुपारी एकपर्यंत घाटपांडे बाईंनी श्वासाच्या शेऱ्याविरुद्ध दिलेल्या लेखी हरकतीवर निर्णय झाला नव्हता. व्हेप अजून त्यांच्याच मुठीत होतं, आणि ते तापलेलं होतं.