कापरा आवाज

सकाळी निद्राटोपी काढताना भार्गवीला कालची फजिती आठवली. शेजाऱ्यांनी जिन्यात हाक मारली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. आठवण होती, पण टोचत नव्हती. गाढ झोपेत टोपीने त्या आठवणीची धार काढून घेतली होती. लोकांच्या धास्तीने वर्षानुवर्षं रात्रभर तळमळणारी भार्गवी आता शांत झोपत होती.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या सभेत, एकट्या राहणाऱ्या विसराळू शकुंतलाकाकूंना घर सोडायला सांगायचं ठरत होतं. भार्गवी उठून उभी राहिली.

"काकू कुठेही जाणार नाहीत. मी बघेन त्यांच्याकडे."

तिचा आवाज कापत होता, तरी ती बोलत राहिली. मग आणखी काही जण तिच्या बाजूने बोलले. काकू राहिल्या.

हे ऐकून तिला टोपी देणारे डॉक्टर ताम्हणे खूश झाले. "टोपीचा जोर वाढवू या. उरलीसुरली भीतीही जाईल."

"नको, डॉक्टर. लोक म्हणाले, तुझा आवाज कापत होता, म्हणूनच आम्ही ऐकलं."

डॉक्टर कौतुकाने हसले. "मग टोपी बंद करायची?"

"छे! झोप तर हवीच. काकू पहाटेच दार वाजवतात."