पुरवणी

लिफ्टमध्ये दांडेकर काकूंचे डोळे भरून आले होते. “त्या नव्या मसाल्याची आमटी केली आणि आईच समोर उभी राहिली बघ. वाढताना विचारायची, ‘पुरवणी हवी का?’”

केतकीने आपल्या मजल्याचं बटण दाबलं. काकूंच्या आईने शाळेची पायरीही चढलेली नव्हती, हे काकूंनीच तिला कितीदा तरी सांगितलं होतं. असं विचारायची ती केतकीची आई. जन्मभर शाळेत शिकवलं, परीक्षेत मुलांना पुरवण्या वाटल्या, त्यामुळे घरी आमटी वाढतानाही तोंडात तोच शब्द.

दोन स्टार्टअप बुडाल्यावर केतकीने हे तिसरं काढलं होतं. तिची जाहिरात एकदा पाहिली, की त्यातला प्रसंग पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच लहानपणीची आठवण होऊन बसायचा. मसाल्याची जाहिरात तिने स्वतः लिहिली आणि खरी वाटावी म्हणून आईचं वाक्य त्यात घातलं. मसाला तुफान खपत होता.

बाबांच्या फोनवर मात्र तिने ती जाहिरात बंद ठेवली होती. काकू सोसायटीच्या कट्ट्यावर सगळ्यांना आपला फोन दाखवत बसतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जेवताना तिने आमटीचा डाव उचलला. “बाबा, पुरवणी?”

बाबांचा चेहरा खुलला. “अगं, माझी आई अगदी अस्संच विचारायची.”

“तुमची नाही बाबा. माझी आई.”

बाबांनी घास हातातच धरला आणि बराच वेळ मनापासून आठवून पाहिलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “तुझी आई काय म्हणायची बरं?”