शरणागती

सहा घोडे ओढायचे ती पायदळाची जड तोफ आमच्या जर्मन इंजिनियरांनी एका चिमुकल्या रणगाड्यावर बसवली. शेळीच्या पाठीवर अंबारीच ती! चाळीस सालच्या जूनमध्ये, पहिल्याच लढाईत, एका फ्रेंच गावासमोरच्या उघड्या रस्त्यावर त्या रणगाड्यानं मान टाकली.

"काय झालं रे?" हवालदार क्रोल ओरडले.

"ओझं सोसवेना त्याला," ड्रायव्हर आल्विन म्हणाला. "आणि साहेब, तोफगोळे मागच्या गाडीत राहिलेत."

"मग बसलायस काय? पळ!"

गावातून गोळीबार सुरू झाला. आम्ही उड्या टाकल्या आणि रस्त्याकडेच्या चरात, चिखलात तोंड खुपसून पडलो. एरवी शिवीशिवाय तोंड न उघडणारे क्रोल चक्क देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळानं गोळीबार थांबला. आता येतील आणि संगिनी खुपसतील, म्हणून मी डोळे गच्च मिटले. पण कोणीच येईना. शेवटी आल्विननं हळूच मान वर काढली, ती वरच राहिली.

"किती आहेत?" क्रोल कुजबुजले.

"तीसेक असतील. हात वर करून उभे आहेत."

"कोणासमोर?"

"आपल्या तोफेसमोर. आता उठा, साहेब. त्यांचा म्हातारा कॅप्टन तिला सलाम ठोकून कधीचा उत्तराची वाट बघतोय."