प्राण्यांवरून आलेले शब्द

गुरुवारी चाकणच्या कंपनीला सुट्टी, शेअर बाजार मात्र चालू. नवनाथचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. समोर मुक्ता अभ्यासाला बसली होती. प्राण्यांवरून आलेल्या इंग्रजी विशेषणांची आज तिची चाचणी होती.

“पप्पा, शीपिश म्हणजे?”

“मला कुठलं येतंय इंग्रजी! तूच सांग.” त्याने खिशातला मोबाइल पुन्हा चाचपला.

“चोरी पकडल्यावर माणूस ओशाळतो ना, तसा. मेंढरासारखा. आणि बेअरिश?”

“मंदीवाला,” तो पटकन बोलून गेला. “बाजार पडणार असं ज्याला वाटतं, तो. परवापासून सगळे तसेच झालेत बघ.”

ओट्याशी भाकरी थापणारे विजयश्रीचे हात थांबले. पुन्हा शेअरच्या नादी लागणार नाही, अशी शपथ त्याने दिवाळीत घेतली होती. याच मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून.

“विचार गं अजून,” ती मागे न बघता म्हणाली. “पप्पांना बरंच येतंय.”

नवनाथने मान खाली घातली.

“नको. शीपिश कळलं मला,” मुक्ता त्याच्याकडे बघत म्हणाली, आणि तिचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला.