पक्ष्यांची लेन्स

"आंटीजी, कौनसे अखबार से हैं आप?"

चारुशीलाबाईंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. समोर पिवळ्या कुर्त्यातली एक उंच मुलगी उभी होती. गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड होतं. चेहरा मात्र हसरा नव्हता.

"अखबार नहीं. ऐसे ही, शौक है," त्या म्हणाल्या.

सेक्टर सतराच्या चौकात ढोल घुमत होता. मुलीमुलींना आणि मुलामुलांनाही लग्नाचा हक्क मिळावा म्हणून ही सगळी मंडळी जमली होती. मोर्चा म्हणावा तर थाट वरातीचा. दोन मुलगे नवरदेवासारखे सेहरे बांधून नाचत होते. "ब्याह साडा, हक साडा", लग्न आमचं, हक्क आमचा, अशी घोषणा उठली की दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहिलेले लोकही मान डोलवत होते. चारुशीलाबाईंचा पाय मघापासून नकळत ठेका धरत होता.

शहराबाहेरच्या झिरकपूरमधल्या घरून निघताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, सुखना तलावावर पक्षी टिपायला जाते. कॅमेऱ्याला लांबून टिपणारी पक्ष्यांची लेन्सही लावली होती. पण तलावाकडे न जाता त्या इथे उतरल्या. गेल्या दिवाळीत शिवानीनं फोनवर विचारलं होतं, "आई, नूरला घेऊन येऊ?" नूर कोण हे लेकीनं स्वच्छ सांगितलेलं होतं. दोघी खरड गावात एकत्र राहतात, आयुष्यभर एकत्रच राहणार आहेत. चारुशीलाबाई नुसतंच "बघू" म्हणाल्या होत्या. शिवानी एकटी आली, भाऊबिजेच्या आधीच परत गेली आणि तेव्हापासून फोनवरच भेटत होती. आज ती इथे येणार हे तिच्या स्टेटसवर दिसलं. लांबून लेक नजरेला पडेल, एवढाच त्यांचा हेतू होता.

"जरा दिखाइए, क्या क्या लिया है," पिवळ्या कुर्त्यातली मुलगी म्हणाली. "यहाँ सबने घर पे नहीं बताया होता. जिसकी फोटो, उसकी इजाज़त."

ते खरंच होतं. चारुशीलाबाईंनी कॅमेरा पुढे केला. मुलगी एकेक फोटो पाहू लागली. शिवानी हसताना. शिवानी फलक धरून. शिवानी पाणी पिताना, केस बांधताना, पुन्हा हसताना. मुलीच्या कपाळावर आठी पडली.

"ये तो सब एक ही लड़की के हैं. आप जानती हैं उसको?"

नाही म्हणून निघून जाता आलं असतं.

"मेरी बेटी है," चारुशीलाबाई म्हणाल्या.

मुलीची बोटं थांबली. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून, सावकाश पाहिले.

"इन सब में मैं भी हूँ, आंटीजी," ती हळूच म्हणाली.

तिनं बोट ठेवलं तिथे पिवळ्या बाहीचा तुकडा होता. दुसऱ्या फोटोत अर्धी वेणी. तिसऱ्यात शिवानीच्या खांद्यावर नुसता एक हात. पक्षी टिपताना फांदी मध्ये आली की ती कडेला सारायची, ही चारुशीलाबाईंची रोजची सवय. लेकीशिवाय त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

"मैं नूर," मुलगी म्हणाली. शिवानीकडच्या फोटोंत साडीत दिसणारी आई तिला या टोपीखाली ओळखू आली नव्हती.

तेवढ्यात शिवानी धावत आली. "आई? तू इथे? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"तुम्हारी फोटो खींची हैं," नूर तिला म्हणाली. "रखनी हैं या नहीं, तुम बोलो."

शिवानीनं कॅमेरा हातात घेतला. चारपाच फोटो पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "डिलीट कर, आई. एवढे काढलेस आणि एकातही ती नाही."

चारुशीलाबाईंनी कॅमेरा परत घेऊन सगळे फोटो पुसून टाकले. मग म्हणाल्या, "उभ्या राहा दोघी."

दोघी उभ्या राहिल्या. पण ती लेन्स पडली लांबच्या पाखरांची. एवढ्या जवळून तिच्यात नुसती दोन नाकं मावत होती. चारुशीलाबाई मागे सरकल्या. तरी जमेना. आणखी मागे गेल्या. ढोलवाल्याला धक्का लागला, त्यानं हसून वाट दिली. सेहरेवाली पोरं बाजूला झाली. "संभालके, आंटीजी," कुणीतरी म्हणालं. कारंज्याच्या कठड्याला पाठ टेकली तेव्हा कुठे दोघी डोक्यापासून पायापर्यंत दिसू लागल्या. शिवानीला एव्हाना हसू आवरत नव्हतं. पण दोघी उभ्या अशा होत्या, जणू पासपोर्टचा फोटो काढायला आल्यात. मध्ये हातभर अंतर.

चारुशीलाबाईंनी हात हलवून हाक दिली, "जवळ या."

नूरला मराठी येत नव्हती. तिला फक्त हात दिसला. गर्दीतून वाट काढत ती पळतच निघाली. लेन्समध्ये ती मोठी मोठी होत गेली, शेवटी नुसता पिवळा रंग उरला, तेव्हा चारुशीलाबाईंनी कॅमेरा खाली घेतला. नूर धापा टाकत समोर उभी होती. कपाळावर घाम, नाकात बारीकशी चमकी.

"जी आंटीजी? बुलाया आपने?"

चारुशीलाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "बुलाया."

पलीकडून शिवानी ओरडली, "आई, अगं फोटो?"

"राहू दे," चारुशीलाबाईंनी लेन्सवर झाकण बसवलं. "घरी काढू."